पाळक बदलतात, मंडळी राहते : सामायिक, देवदत्त दृष्टान्ताची गरज

भायखळेकर

सर्वांना सप्रेम सलाम.

आमच्या चर्चच्या व्हेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीत, एक जुने लोखंडी कपाट आहे आणि त्याच्या माथ्यावर फ्लेक्सच्या तीन गुंडाळ्या पडून आहेत. गेल्या बारा वर्षांत आलेल्या तीन पाळकांनी (धर्मगुरूंनी) आपापल्या पहिल्या वर्षी मंडळीसाठी, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायासाठी, जे 'व्हिजन' जाहीर केले, ते या तीन फ्लेक्सवर छापलेले आहे. पहिल्यावर वस्तीवस्तीत सुवार्ता, दुसऱ्यावर तरुणांसाठी संध्याकाळची इंग्रजी उपासना आणि तिसऱ्यावर इमारतीचा जीर्णोद्धार. तिन्ही पाळक प्रामाणिक होते आणि तिन्ही कामे करण्याजोगी होती. पण बदलीचा आदेश आला, निरोपसमारंभ झाला, की फ्लेक्स खाली उतरत असे. मागच्या पावसाळ्यात छत गळू लागले, तेव्हा त्यांपैकी एक आम्ही पेटीवर झाकायला वापरला.

यंदा जूनच्या कमिटी बैठकीत जुने सागवानी बाक विकून खुर्च्या घ्याव्यात की नाही, यावर आम्ही पावणेदोन तास बोललो. बाकांची वाळवी, खुर्च्यांचा भाव, भंगारवाल्याचा दर, आजोबांच्या नावाची पितळी पट्टी असलेला बाक कोणी विकायचा, सगळे झाले. शेवटी महिला मंडळाच्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "बाकांवर बसणारी माणसे कुठून येतात, हे कुणी मोजले आहे का?" त्या स्वतः बदलापूरहून येतात. साडेआठच्या उपासनेसाठी त्यांना साडेसहाच्या आत लोकल पकडावी लागते आणि रविवारी मेगाब्लॉक असला तर त्या येतच नाहीत.

त्यांच्या प्रश्नामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू रिकामे होत गेले. नगर-जालन्याकडून पोटापाण्यासाठी आलेली आमची कितीतरी कुटुंबे परळ, भायखळा, माझगाव सोडून कल्याण, अंबरनाथ, विरार अशी लोकलच्या शेवटच्या स्थानकांकडे सरकली. मंडळीची नोंदवही, बाप्तिस्म्याचे पात्र आणि घंटा मात्र जागच्या जागी राहिली. आम्ही कोणाची मंडळी आहोत, भायखळ्याची की भायखळ्याहून गेलेल्यांची, हा प्रश्न तिन्ही फ्लेक्सपैकी एकाही फ्लेक्सने विचारला नव्हता. तो प्रश्न सुटल्याशिवाय बाक की खुर्च्या हेदेखील ठरणार नाही, असे मला त्या रात्री घरी जाताना वाटले.

म्हणून हा धागा. माझे म्हणणे असे, की मंडळीला दृष्टान्त, म्हणजे देवाने दाखवलेली दिशा, हवा, तो देवाकडून आलेला हवा आणि तो सर्वांचा हवा. यांतले एक जरी गळले तरी उरते ती योजना किंवा हट्ट.

या विषयावर नीतिसूत्रे २९:१८ हे वचन हमखास उद्धृत होते. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तेथे 'लोक नाश पावतात' अशा अर्थाचे शब्द आहेत आणि त्यामुळे या वचनावर पुष्कळ घोषवाक्ये उभी राहिली आहेत. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ लोक मोकाट सुटतात, त्यांना आवर राहत नाही, असा आहे. हेच क्रियापद निर्गम ३२:२५ मध्ये सोन्याच्या वासराभोवती बेभान झालेल्या लोकांसाठी आले आहे. मोशे डोंगरावर असताना ते लोक रिकामे बसलेले नव्हते. त्यांनी दागिने गोळा केले, मूर्ती ओतली, वेदी बांधली, सण जाहीर केला. आजच्या भाषेत त्यांचा कार्यक्रम भरगच्च होता. दृष्टान्त नसलेली मंडळी झोपलेली असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती अतिशय गडबडीत असू शकते.

दुसरा उतारा प्रेषितांची कृत्ये १६:९-१० हा आहे. त्रोवस येथे रात्री पौलाला दृष्टान्त होतो, की एक मासेदोनियाचा मनुष्य उभा राहून 'इकडे येऊन आम्हांला साहाय्य कर' अशी विनंती करीत आहे. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला. पण पुढच्याच वचनात लेखक 'आम्ही' म्हणू लागतो. देवाने आपल्याला तिकडे बोलावले आहे, असे 'आम्ही' ताडले आणि 'आम्ही' निघण्याच्या तयारीला लागलो. या पुस्तकात लेखक स्वतःला धरून 'आम्ही' म्हणतो ते येथे प्रथमच. त्यातले 'ताडणे' हे ग्रीक क्रियापद तुकडे एकत्र जुळवण्याचे आहे. आसियात वचन सांगायला आत्म्याने मनाई केली होती, बिथुनियाची वाट बंद झाली होती आणि आता हे स्वप्न. या तिन्ही गोष्टी समोर ठेवून सोबत्यांनी मिळून अर्थ लावला. 'मला दिसले' यापासून 'आम्ही ताडले' येथपर्यंतचा हा प्रवास आमच्या तिन्ही फ्लेक्सच्या वाट्याला आला नाही. (जाता जाता : स्वप्नात पुरुष दिसला होता, फिलिप्पैत नदीकाठी प्रथम भेटली ती लुदिया. दृष्टान्त खरा असला तरी तपशील वाटेत बदलतो.)

आपापल्या मंडळीत हे कसे घडते, किंवा का घडत नाही, ते कृपया लिहावे.

तटस्थ वाचक

मी ख्रिस्ती नाही, तरी धागा आवडला म्हणून विचारतो. आमच्या कोकणातल्या गावी 'देवाने स्वप्नात दृष्टान्त दिला' असे कुणी म्हटले, की त्यापुढे वाद संपतो आणि वर्गणी सुरू होते. दुसरीकडे माझ्या कार्यालयात लिफ्टशेजारी कंपनीचे व्हिजन काचेत लावलेले आहे आणि ते कुणीही वाचत नाही. आपण म्हणता तो दृष्टान्त या दोहोंपैकी कोणता?

भायखळेकर

प्रश्न नेमका आहे. मराठी बायबलमध्ये 'दृष्टान्त' हा शब्द आपल्या गावी आहे त्याच अर्थाने, म्हणजे देवाने दाखवलेले या अर्थाने येतो. येशूच्या गोष्टींना आम्ही 'दाखले' म्हणतो. 'व्हिजन' हा शब्द मी मुद्दामच टाळतो, कारण त्याबरोबर लिफ्टशेजारची काच येते. कंपनीला काय व्हायचे आहे ते तिचे संचालक ठरवतात आणि ते त्यांनीच ठरवायचे असते. मंडळी मात्र स्वतःच्या मालकीची नसते, त्यामुळे 'आपल्याला काय व्हायचे आहे' यापेक्षा 'आपल्याला कशासाठी ठेवले आहे' हा तिचा प्रश्न असतो. आपल्या गावच्या दृष्टान्तापासून फरक एवढाच, की आमच्याकडे दृष्टान्ताने वाद संपता कामा नये. तेथून तो सुरू व्हावा.

निवृत्त पंच

धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे, तथापि पस्तीस वर्षे निरनिराळ्या कमिट्यांवर काढलेल्या माणसाने थंड पाण्याचा एक तांब्या ओतणे आवश्यक आहे.

'देवाने मला दाखवले' हे वाक्य मी सभेत पुष्कळदा ऐकले आहे आणि ते बहुधा हिशेब मागितल्यानंतर ऐकले आहे. एका मंडळीत, नाव सांगत नाही, बागेची मोकळी जागा एका बांधकामवाल्याला देण्याचा ठराव 'दृष्टान्त' म्हणून आला. विरोध करणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांना 'अविश्वासी' ठरवून पुढच्या यादीतून वगळण्यात आले. आज तेथे बाग नाही आणि इमारतही अर्धवट आहे. स्वतःच्या मनातला दृष्टान्त देवाच्या नावावर खपवणाऱ्या संदेष्ट्यांबद्दल यिर्मया २३:१६ मध्ये जे म्हटले आहे, ते प्रत्येक वार्षिक सभेच्या सुरुवातीला वाचावे, असे माझे मत आहे.

पौलाने १ करिंथ १४:२९ मध्ये शिस्त घालून दिली आहे : संदेश देणाऱ्या दोघांनी किंवा तिघांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी. पारख करणे हा अविश्वास नव्हे, ते मंडळीचे नेमून दिलेले काम आहे. तेव्हा माझ्या लेखी दृष्टान्ताच्या तीन कसोट्या आहेत. तो सांगणाऱ्याच्या पदरात काय पडते? त्याला 'नाही' म्हणणाऱ्याला सभेत जागा राहते का? आणि जमाखर्च उघडा आहे का? तिसरी कसोटी फार जणांना अध्यात्माबाहेरची वाटते. मला ती सर्वांत आध्यात्मिक वाटते.

नगरकर

निवृत्त पंच यांचा इशारा रास्त आहे; पण पारख करून घेतलेला दृष्टान्त किती लांब जातो, याची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत.

१८०६ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी मैदानात जमले असताना वादळी पाऊस आला आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आसरा घेतला. आशियात सुवार्ता नेण्याचा विचार त्यांनी त्या गंजीआड प्रार्थनेत मांडला. तो विचार त्यांनी आपल्यापुरता ठेवला नाही. मित्रांपुढे, नंतर मंडळ्यांपुढे ठेवला आणि १८१० मध्ये त्यातून अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था उभी राहिली. १८१२ मध्ये पहिली तुकडी निघाली आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते आणि त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले होते. हॉल १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने वारले. तोवर त्यांच्या हाताला लागलेले फळ फार थोडे होते. काम हॉल यांचे वैयक्तिक असते तर ते तेथेच संपले असते. ते पाठवणाऱ्यांचेही होते, म्हणून मागून माणसे येत राहिली, १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र निघाले आणि १८४२ मध्ये तेथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांचे बाप्तिस्मे या साखळीत बसतात.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य एका बंधुसंघात यावेत, मंडळीने परदेशी मिशनचा आधार सोडून या मातीत उभे राहावे, ही त्यामागची कल्पना होती. माझ्या मते मराठी मंडळीला सुचलेल्या कल्पनांमध्ये इतकी मोठी कल्पना दुसरी नाही. परंतु १९१९ च्या मे महिन्यात टिळक मुंबईतच वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. अवधी दोनच वर्षांचा मिळाला, हे खरे. तरीही आपण त्यांची भजने उचलली आणि त्यांचा दृष्टान्त खाली ठेवला, असे मला दर रविवारी 'उपासना संगीत' हे आपले गीतांचे पुस्तक उघडताना वाटते. दोष टिळकांचा होता की न ताडणाऱ्या 'आम्ही'चा, हे वाचकांनी ठरवावे.

तिसरे उदाहरण चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एकत्रित प्रोटेस्टंट मंडळीचे. ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. एकेचाळीस वर्षे! बाप्तिस्मा बालपणी की जाणतेपणी, बिशप असावेत की नसावेत, या प्रश्नांवर माणसे अडली होती. शेवटी दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे मान्य करून वाट काढण्यात आली. मेथॉडिस्टांची मोठी शाखा अगदी अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिली. म्हणजे सामायिक दृष्टान्ताला सर्वांची सही मिळतेच असे नाही आणि जी मिळते ती एका वार्षिक सभेत मिळत नाही.

अंबरनाथहून

मी त्या शेवटच्या स्थानकांपैकी एकावर राहते, म्हणून लिहिते.

नगरकरांचा इतिहास वाचून ऊर भरून येतो, पण आमच्याकडे रविवारी सकाळी काय होते तेही ऐकावे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून त्या भायखळ्याला येत नाहीत. मुलगा जवळच्या एका हॉलमधल्या हिंदी संगतीला जातो, तेथे गिटार आहे आणि निदान त्याचे नाव तरी कुणी विचारले. मी एकटी लोकलने येते, कारण माझे लग्न त्या चर्चमध्ये झाले. म्हणजे एका घराच्या तीन मंडळ्या झाल्या. आमच्याकडे वर्षातून एकदा वर्गणीची पावती घेऊन कुणीतरी येते, एरवी कुणी येत नाही.

दृष्टान्ताबद्दल मला नहेम्या आठवतो. देवाने मनात घातलेली गोष्ट त्याने यरुशलेमेत पोहोचल्यावर लगेच कुणालाही सांगितली नाही. तीन दिवसांनी रात्री थोडी माणसे घेऊन तो पडलेला तट स्वतः फिरून पाहून आला. एका ठिकाणी तर जनावराला पुढे जायला वाट नव्हती, इतका ढिगारा होता. त्यानंतर दुसऱ्या अध्यायात तो लोकांशी बोलतो आणि बोलताना 'आपली दुर्दशा' म्हणतो, 'तुमची' म्हणत नाही. तिसऱ्या अध्यायात पुष्कळ जण आपापल्या घरासमोरचा भाग बांधतात. सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, शल्लूम आपल्या मुलींसह आहे. तकोवाच्या सरदारांनी मान वाकवली नाही, हेही नोंदवले आहे. बावन्न दिवसांत तट उभा राहिला.

आमच्या कमिटीने गेल्या दहा वर्षांत कल्याणच्या पुढचा ढिगारा फिरून पाहिला आहे का? आधी पाहावे, मग फ्लेक्स छापावा.

वसईकर

मी कॅथलिक आहे. आमच्याकडे दृष्टान्त वरून खाली येतो, असा इतरांचा समज असतो आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू केलेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेली सिनडची (चर्चच्या विचारविनिमय सभेची) प्रक्रिया या चर्चेला उपयोगी पडेल असे वाटते. धर्मग्रामांपासून ऐकण्यास आरंभ झाला. रोमच्या बैठकीत बिशप आणि सामान्य प्रापंचिक, त्यांत स्त्रियाही, गोल मेजांभोवती बसले. प्रत्येकाने आळीपाळीने बोलायचे, मग सर्वांनी शांत बसायचे. दुसऱ्या फेरीत स्वतःचा मुद्दा पुढे न रेटता दुसऱ्याच्या बोलण्यातले काय मनाला भिडले ते सांगायचे, पुन्हा शांत बसायचे आणि तिसऱ्या फेरीत एकत्र काय ऐकू आले ते शोधायचे.

ही रीत आमच्या एका छोट्या गटात करून पाहिली. दुसरी फेरी फार जड जाते. आपल्याला दुसऱ्याचे बोलणे आठवतच नाही, कारण तो बोलत असताना आपण आपले उत्तर जुळवत असतो.

संडे स्कूलची शिक्षिका

छोटीशी भर. १ शमुवेल ३:१ मध्ये त्या दिवसांत दृष्टान्त विरळा झाला होता असे म्हटले आहे आणि तो शेवटी मिळाला मंदिरात झोपलेल्या मुलाला. पण शमुवेलाला हाक ओळखता आली नाही. तो तीनदा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावला. नजर मंद झालेल्या एलीने ओळखले, की हाक देवाची आहे, आणि उत्तर कसे द्यावे ते त्याला शिकवले. ऐकले मुलाने, ओळखले म्हाताऱ्याने. आमच्या कमिटीत पन्नाशीच्या आतले कुणी नाही आणि आमच्या तरुण संघाच्या बैठकीला पन्नाशीच्या वरचे कुणी फिरकत नाही. मग हाक आली तरी ती अर्ध्यावरच राहणार.

निवृत्त पंच

शिक्षिकाबाईंचा मुद्दा मान्य. मात्र त्या हाकेत जो निरोप होता, तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता आणि एलीने तो मुलाकडून पूर्ण वदवून घेतला, काही लपवू नकोस म्हणाला. माझ्या पहिल्या कसोटीला उतरणारा असा दुसरा वडील मला बायबलमध्ये चटकन आठवत नाही. आमच्या पिढीने हे शिकायला हवे, त्यात मीही आलो.

भायखळेकर

दोन महिन्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

अंबरनाथच्या ताईंचा प्रतिसाद मी कमिटीत वाचून दाखवला. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग खजिनदारांनी नोंदवही काढली आणि आम्ही पत्त्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या. निम्म्याहून अधिक घरे ठाण्याच्या पलीकडे निघाली आणि अकरा पत्त्यांवरच्या चाळी आता अस्तित्वातच नाहीत. त्यानंतर सहा शनिवार आम्ही दोघा-दोघांनी, एक कमिटीतला आणि एक तरुण संघातला, अशा जोड्या करून घरे फिरलो. पावतीपुस्तक बरोबर न्यायचे नाही, एवढा एकच नियम होता. पाळकसाहेब प्रत्येक शनिवारी आले. त्यांनी स्वतःहून सांगितले, की आपली बदली पुढच्या वर्षी होण्याचा संभव आहे, तेव्हा या भेटींत बोलण्यापेक्षा आपण ऐकू.

सातव्या शनिवारी उपवास-प्रार्थना झाली आणि वसईकरांनी सांगितलेल्या तीन फेऱ्या आम्ही केल्या. दुसरी फेरी आम्हांलाही जड गेली. तिसऱ्या फेरीत जे वर आले ते लिहितो, पण त्याला अजून कुणी दृष्टान्त म्हटलेले नाही. निरनिराळ्या जोड्यांना निरनिराळ्या घरांत एकच गोष्ट ऐकू आली होती : म्हाताऱ्यांना प्रभुभोजन महिनोन्महिने मिळत नाही. अंत्युखियाच्या मंडळीने उपवासात ऐकून आपली दोन उत्तम माणसे, बर्णबा आणि शौल, बाहेर पाठवली होती. आमच्याकडे पाठवायचे असेल तर प्रथम पेटीवाले आणि नंतर पाळकसाहेबांची एका रविवारची सकाळ द्यावी लागेल, आणि त्या रविवारी भायखळ्याची उपासना आम्हा सामान्य सभासदांना चालवावी लागेल. यावर दोघांनी स्पष्ट विरोध नोंदवला आहे. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात पूर्ण लिहिले असून निर्णय वार्षिक सभेपर्यंत थांबवला आहे.

दरम्यान, येत्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता अंबरनाथला एका सभासदांच्या घरी, तळमजल्यावर, पहिले प्रभुभोजन आहे. बाकांचा विषय पुढे ढकलला आहे. पितळी पट्टीचा एक लहान बाक मात्र टेंपोने तिकडे पाठवत आहोत, कारण ताईंच्या सासूबाईंना खाली बसता येत नाही.

अंबरनाथहून

बाक दारातून आत येईल की नाही ते मोजून कळवते. मध्य रेल्वेवर त्या दिवशी मेगाब्लॉक आहे का, तेही कुणीतरी पाहावे.